धार कोण काढतं?

(पशुवैद्यकांच्या उजळणी वर्गात केलेलं भाषण)

डॉक्टर मंडळी, मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, गुरांचं औषधपाणी मला कळत नाही. तरी तुमच्या वर्गातला थोडा वेळ मी हट्टाने मागून घेतला.

आमच्या गटातली एक बाई चार महिने तापाने बेजार होती. ताप यायचा, जायचा, सांधे ठणकायचे. गोळ्या झाल्या, अंगारेही झाले. सासू म्हणे, कामाचा कंटाळा! बोलता बोलता कळलं, त्याआधी तिची गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. जार तिनेच उघड्या हातांनी उकिरड्यावर टाकला होता. रक्त तपासलं, तर ब्रुसेलोसिस.

गाय बघायला डॉक्टर आले होते. ते बोलले घरधन्याशी. ही तिथेच शेण भरत होती.

२०१९ पासून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. लस जिवंत जंतूंची, म्हणून टोचताना हातमोजे घाला, असं तुम्हाला सांगितलं जातं. मग गाभडलेल्या गाईला हात लावू नकोस, जार चुना टाकून खोल पूर, दूध उकळूनच पी, हे तिला कोण सांगणार? डॉक्टर म्हणतात, ते आमचं काम नव्हे, आम्ही जनावरांचे. माणसांचे डॉक्टर गोठ्यात येत नाहीत.

पुढच्या वर्गात यासाठी एक तास ठेवा. गावातल्या दोन बायकांनाही बोलवा, दुपारी. सकाळी त्या धारा काढत असतात.