मांडवातले गाणे

लग्न ठरले, की घरातील गाणाऱ्या माणसाकडे सर्वांचे डोळे वळतात. ‘मांडवात तुझे एक गाणे झालेच पाहिजे,’ असे सांगून वधूपिता मोकळा होतो; त्याला पुढे आचारी, वाजंत्री आणि व्याह्यांचे मानपान यांची काळजी असते. कोणते गाणे, हा प्रश्न मात्र गाणाऱ्याच्या पदरात पडतो. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो. जिने वीस वर्षे तंबोरा जवळ केला, तिच्यापाशी चिजांना काय तोटा? पण लग्नात शोभेल अशी चीज शोधू लागले म्हणजे कळते, की जवळचा साठा भराभर बाजूला पडत चालला आहे.

पहिली अडचण शब्दांची. ख्यालातली आणि ठुमरीतली नायिका बहुधा सुखात नसते. तिचा प्रियकर परदेशी असतो, नाही तर सवतीच्या घरी. सासू आणि नणंद जाग्या असल्यामुळे तिला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पैंजण वाजले तरी त्या दोघींना ऐकू जाते. मैफलीत ह्या गाऱ्हाण्याकडे कोणी गाऱ्हाणे म्हणून पाहत नाही. मांडवात मात्र पहिल्या रांगेत वरमाई बसलेली असते आणि तिच्या शेजारी तिची लेक. तिथे तेच शब्द एकदम जिवंत होतात. भाषा ब्रज असल्यामुळे अर्थ कोणाला कळणार नाही, ह्या भरवशावर पुण्यात कदाचित निभावेल. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरात तो भरवसा बाळगू नये.

अर्थ न पाहता रूप पाहण्याने कसा घोटाळा होतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे वाजिद अली शाहच्या नावावर असलेली भैरवीतील ठुमरी. १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’ चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायिली आणि ती घरोघर पोचली. तीत माहेर सुटते, चार भोई पालखी उचलतात; लेकीच्या पाठवणीला याहून अनुरूप काय असेल, असे कोणालाही वाटावे. परंतु ही पालखी नवरीची नव्हे. १८५६ मध्ये राज्य गमावून लखनौ सोडणाऱ्या नबाबाचे दुःख तीत ऐकले जाते, आणि चार खांद्यांवरून निघालेली ती यात्रा शेवटचीही आहे.

नाट्यसंगीताकडे वळावे, तर तिथेही जपूनच पाऊल टाकले पाहिजे. १८८२ च्या ‘सौभद्रा’चा शेवट लग्नाने होतो खरा, पण त्याआधी सुभद्रेला दुर्योधनाच्या गळ्यात बांधण्याचा घाट आहे, आणि तिची कितीतरी पदे त्या धास्तीतली आहेत. देवलांच्या १८९९ च्या ‘शारदे’बद्दल तर बोलायलाच नको. पैशासाठी म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या मुलीची ती कहाणी. तिथे लग्न मोडते हेच सुदैव. तरीही तिच्यातील पदाची फर्माईश मांडवात होते, कारण चाल गोड आहे आणि आजोबांना ती पाठ आहे. युरोपातही हेच चालत आले आहे. वाग्नेरच्या ‘लोहेंग्रिन’ ह्या १८५० च्या संगीतिकेतील वधूगीत जगभरच्या चर्चमध्ये नवरी येताना वाजविले जाते. मूळ नाटकात त्याच रात्री पती-पत्नींचे बिनसते, तो निघून जातो आणि ती प्राण सोडते.

दुसरी गोष्ट वेळेची. मुहूर्त दुपारचा असेल तर सारंग हाताशी आहे. गोरज मुहूर्ताची वेळ अधिक नाजूक असते. शास्त्राने ती मारव्याला दिली आहे. पण पंचम वगळलेला आणि षड्जावर सहसा न विसावणारा हा राग मनाला हुरहूर लावतो. अशा वेळी थोडे थांबून, दिवे लागल्यावर यमन घ्यावा. घड्याळाशी इमान राखण्यासाठी मंगल कार्यात हुरहूर आणण्याचे काहीच कारण नाही. भैरवीने मैफल संपते, म्हणून ती आरंभी नको. पाठवणीला मात्र ती हक्काने यावी.

इतके सारे गाळल्यावर हाती काय उरते? गणेशाची वा देवीची एखादी मध्यलयीतील बंदिश उरते, एखादा अभंग उरतो, आणि ज्याला गाणे म्हणून कोणी मोजत नाही ते मंगलाष्टक उरते. खरे म्हणजे घरच्या माणसाने गायचे हक्काचे गाणे तेच. शार्दूलविक्रीडित हे त्याचे नेहमीचे वृत्त: चरणाची अक्षरे १९, आणि बाराव्यावर यती. त्या विसाव्यावर श्वास घेता येतो, एखादी हलकी मुरकी घेता येते, आणि तरीही शब्द मोडत नाहीत. वृत्त तेच राहून चाल यमनाची, भूपाची वा सारंगाची होऊ शकते. वधूवरांची नावे, गेलेल्या आजीची आठवण, कुलदैवत, सारे त्या चार चरणांत सामावते. कितीतरी घरांत मंगलाष्टकाची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. ती म्हणणारी आत्या गेली आणि मागे कोणी शिकले नसेल, तर चालही तिच्याबरोबर जाते. एखाद्या शिकलेल्या गायिकेने मोठा ख्याल बाजूस ठेवून ती चाल उचलली, तर तिच्या विद्येला कमीपणा कसा येईल?

मात्र मंगलाष्टकालाही बंधन आहे, आणि ते मुहूर्ताचे. अंतरपाट धरलेला असतो, अक्षता घेतलेल्या मुठी घामेजलेल्या असतात, वाजंत्री भटजींच्या खुणेकडे पाहत असतात. तिथे तानेला जागा नाही. आपल्याला किती कडवी म्हणायची आहेत, हे भटजींना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. घटका जवळ आली की अर्धे कडवे सोडण्याची तयारी ठेवावी. चार दिवसांच्या जागरणाने आणि बोलण्याने घसा बसलेला असतो, म्हणून पट्टी नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरून घ्यावी. आणि शेवटचे कडवे म्हणताना मुलीच्या तोंडाकडे पाहू नये. तिच्या आईकडे तर नाहीच. नजर अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर ठेवली, की आवाज ‘सावधान’पर्यंत पोचतो.