थोरोचा हिशेब



आम्ही चळवळीतली माणसे. एकांताचे आम्हांला वावडे. म्हणून अमेरिकेतल्या हेन्री थोरोचे ‘वॉल्डन’ वाचताना प्रथम आम्ही चिडलोच. १८४५ च्या ४ जुलैला हे गृहस्थ तळ्याकाठी, मित्र एमर्सनच्या जागेत, स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेले. फळ्यांसाठी त्यांनी रेल्वेवरच्या एका आयरिश मजुराचे खोपटे विकत घेतले. मजूर बायकापोरांसह पहाटेच वाटेला लागला. थोरोंनी साधेपणा पत्करला होता. मजुरावर तो लादलेला होता. हा भेद विसरून कामगाराला साधेपणा शिकवणे अन्यायाचे आहे.

पण त्यांचा हिशेब पाहा. वर्षाकाठी सहा आठवडे मजुरी केली की आपले भागते. वस्तूची किंमत तिच्यापायी गेलेल्या आयुष्यात मोजावी. आठ तासांचा दिवस मागताना आम्ही तरी दुसरे काय मागत होतो?

१८४६ च्या जुलैत, गुलामगिरी राखणाऱ्या सरकारला कर नाकारून ते एक रात्र तुरुंगात राहिले. पाठीशी संघटना नव्हती. आम्ही संप फुटताना पाहिले आहेत. उपासमारीने ते फुटतात, तसेच एकट्याने ‘नाही’ म्हणण्याचे बळ नसल्यानेही फुटतात. ते बळ आम्ही सभांतून देऊ शकलो नाही. ते ज्याने त्याने एकांतातच कमवावे लागते, एवढे आम्ही उशिरा शिकलो.