ट्रिंकोमाली : मुंबईंत घडलेली एक युद्धनौका

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें एक बंदर आहे. कोळशाच्या व जहाजबांधणीच्या धंद्यांवर एके काळीं भरभराटलेल्या या गांवीं, एका जुन्या गोदीच्या शांत पाण्यांत, तीन डोलकाठ्यांची एक युद्धनौका तरंगत असते. तिच्या काळ्या अंगावर पांढरा पट्टा असून त्यांत तोफांचे झरोके ओळीनें दिसतात. तिकीट काढून लोक ती पाहावयास येतात. तिचें नांव ट्रिंकोमाली. हें नांव सिंहलद्वीपांतील बंदराचें, निशाण इंग्रजी आरमाराचें. परंतु लाकूड मलबारचें आणि घडविणारे हात मुंबईचे. ब्रिटिश युद्धनौकांपैकीं आज पाण्यावर असलेली सर्वांत जुनी नौका ती हीच. नेल्सनची व्हिक्टरी वयानें वडील आहे खरी, पण ती १९२२ पासून पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत बसून आहे. तिच्या तळाला पाणी लागत नाहीं.

इंग्रजांच्या आरमाराची नौका मुंबईंत कां बांधली गेली? नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धामुळें इंग्लंडांत जहाजास योग्य अशा ओकच्या लाकडाची टंचाई पडली होती. शिवाय ओकच्या अंगीं एक दोष आहे. त्यांतील आम्ल लोखंडी खिळ्यांना हळूहळू खाऊन टाकतें. सागाचें तसें नाहीं. त्याच्या अंगचें तेल खिळ्यांनाहि राखतें आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किडीलाहि दूर ठेवतें. खलाशांची मात्र सागाविरुद्ध एक तक्रार असे. तोफेचा गोळा लागून उडालेली सागाची ढलपी अंगांत शिरली तर जखम चिघळते, असा त्यांचा समज होता.

हा साग ओळखणारें घराणें मुंबईच्या गोदींत होतें. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनीं बांधलेली ७४ तोफांची मिंडेन १८१० मध्यें पाण्यांत उतरली, आणि लंडनच्या अधिकाऱ्यांची खात्री पटली. ट्रिंकोमालीची मागणी १८१२ मध्यें आली. पण नकाशे घेऊन मुंबईकडे निघालेली जावा ही नौका त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझिलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या कॉन्स्टिट्यूशन नौकेच्या हातीं सांपडली, आणि नकाशे मुंबईस पोंचलेच नाहींत. ती कॉन्स्टिट्यूशनहि अद्याप बॉस्टनच्या बंदरांत तरंगते आहे, हा एक योगायोगच. नकाशांची दुसरी प्रत आल्यावर १८१६ मध्यें कामास आरंभ झाला. जहाजाचा कणा, ज्याला आपल्याकडे पठाण म्हणतात, तो मांडतांना जमशेटजींनीं पारशी रिवाजाप्रमाणें त्यांत रुप्याचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं नौका पाण्यांत उतरली.

परंतु ज्या युद्धासाठीं ती मागविली तें युद्ध वॉटर्लूलाच संपलें होतें. १८१९ मध्यें ती पोर्टस्मथला पोंचली, तेव्हां तिला देण्यास काम नव्हतें. पाव शतकाहून अधिक काळ ती राखीव म्हणून नुसती पडून राहिली. १८४५ मध्यें तिच्या तोफा कमी करून व पिछाडीची घडण बदलून तिला पुन्हां सजविण्यांत आलें, आणि १८४७ मध्यें, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षीं, तिची पहिली खरी सफर सुरू झाली. तोंवर आगबोटींचें युग उजाडलें होतें. प्रथम वेस्ट इंडीज व उत्तर अमेरिका, नंतर १८५२ पासून १८५७ पर्यंत पॅसिफिक महासागर, एवढीच तिची कारकीर्द. मोठी आरमारी लढाई तिच्या वांट्याला आली नाहीं.

तथापि ती केवळ निरुपद्रवी होती असेंहि म्हणतां येणार नाहीं. १८५६ मध्यें व्हँकूवर बेटाचा गव्हर्नर डग्लस याला काउचन लोकांवर वचक बसवावयाचा होता. त्यांच्यापैकीं एकानें एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली होती. चारशेंहून अधिक शिपाई व खलाशी घेऊन ट्रिंकोमाली त्या किनाऱ्यावर गेली. गोळी लागलेला मनुष्य जगला. पण गोळी झाडणाऱ्याला मात्र त्याच्या लोकांसमक्ष फांशी देण्यांत आलें. त्या बेटाजवळील एका सामुद्रधुनीला आजहि या नौकेचें नांव आहे. मुंबईच्या कारागिरीचा अभिमान बाळगतांना ती कारागिरी कोणाच्या कामीं आली, हेंहि ध्यानांत ठेवावयास हवें.

आज नौकेवर चढणाऱ्या प्रेक्षकाला प्रथम तिचा आटोपशीरपणा जाणवतो. तोफांच्या मजल्याची लांबी सुमारें दीडशें फूट, रुंदी चाळीस. आणि एवढ्यांत सुमारें अडीचशें माणसें महिनोन्महिने राहत. तोफांच्या मजल्यावरून खालीं उतरलें कीं उंच माणसाला मान वांकवावी लागते. येथें खलाशी झोळ्या टांगून निजत. झोळीमागें चौदा इंच रुंदी हा आरमाराचा नियम होता. निम्मे लोक पहाऱ्यावर असल्यानें तेवढ्यांत निभावत असे. जेवणाचीं मेजें तेथेंच. पिछाडीच्या अंगास कप्तानाचा दिवाणखाना मात्र ऐसपैस व उजेडाचा आहे. नाळेवर पागोटें घातलेल्या पुरुषाची कोरीव मूर्ति आहे. ती पोर्टस्मथच्या कारागिरांनीं १८४५ मध्यें बसविली. पूर्वेकडील मनुष्य म्हणजे पागोटें, ही तेव्हांची समजूत तींत दिसते. मुंबईहून पाहावयास गेलेल्याचें लक्ष मात्र मूर्तीपेक्षां आंतील तुळ्यांकडे व फांसळ्यांकडे लागतें. डागडुजी पुष्कळ झाली असली तरी सांगाड्याचें साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचेंच आहे. दोनशें वर्षांनंतर साग साग म्हणून ओळखतां येतो.

ही नौका वांचली कशी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ती पूज्य म्हणून कोणीं जतन केली नव्हती. प्रत्येक पिढींत तिचा कांहींतरी उपयोग कोणाला तरी सुचला. १८६० पासून ती आरमाराच्या राखीव तरुणांची शाळा झाली. त्यांपैकीं पंधरा वर्षें ती याच हार्टलपुलांत होती. १८९७ मध्यें ती मोडीसाठीं विकली गेली. त्याच वर्षीं जॉर्ज व्हीटली कॉब नांवाच्या गृहस्थाची नौका, नेल्सनचें एके काळचें निशाण वाहिलेली फुड्रॉयंट, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटली. कॉबनें मोडींतून ट्रिंकोमाली विकत घेतली, तिला फुड्रॉयंट हेंच नांव दिलें, आणि १९८६ पर्यंत हजारों मुलांमुलींनीं तिच्यावर दर्यावर्दीपणाचे धडे घेतले. १९८७ मध्यें तिला तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलें. १९९२ मध्यें तिला मूळ नांव परत मिळालें, आणि २००१ पर्यंत दुरुस्ती चालली. तिला एक कोटी पौंडांहून अधिक खर्च आला.

तिच्या भावंडांचें असें नशीब नव्हतें. जिच्यावर १८४२ मध्यें नानकिंगचा तह झाला ती कॉर्नवॉलिस, १८२७ मध्यें नवारिनोच्या लढाईंत सेनापतीचें निशाण मिरविणारी एशिया, दोन्ही मुंबईच्याच. दोन्ही नाहींशा झाल्या. १८१५ ची वेलस्ली तर थेट १९४० मध्यें थेम्स नदींत जर्मन विमानांच्या बाँबला बळी पडली.

आतां याच्या उलट दिशेचा एक प्रवास पाहावा. हार्टलपूलच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर टाइन नदी आहे. तेथें १९४३ मध्यें बांधावयास घेतलेली एक विमानवाहू नौका भारतानें १९५७ मध्यें विकत घेतली आणि १९६१ मध्यें ती विक्रांत या नांवानें आपल्या नौदलांत आली. १९७१ च्या युद्धांत तिच्या विमानांनीं चितगांव व कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ मध्यें तिला निवृत्ति मिळाली, आणि २००१ पासून ती मुंबईंत तरंगतें संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळूं लागली. २०१२ मध्यें तिचा सांगाडा धोक्याचा ठरून तें बंद झालें, २०१४ मध्यें न्यायालयांतील झगडाहि संपला, आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर ती तोडण्यांत आली. खाऱ्या पाण्यांतलें पोलाद सागाहून लवकर सडतें, आणि सातशें फूट लांबीची नौका राखणें हा दीडशें फुटी नौकेचा खेळ नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तरी टाइनकांठची नौका मुंबईनें मोडली आणि मुंबईची नौका टाइनच्या शेजाऱ्यांनीं राखली, हें जमाखर्चाच्या वहींत लिहून मिटणारें नाहीं.

विक्रांतच्या धातूचें एक स्मारक २०१६ मध्यें मुंबईंत, नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोर उभारलें गेलें. समोरच्या फाटकाच्या आंत जुनी डंकन गोदी अजून वापरांत आहे. त्याच गोदीच्या आवारांत जमशेटजींनीं तो रुप्याचा खिळा ठोकला होता.