शिवीची सनद

श्रोतेहो, ज्या विषयावर बोलण्यासाठी मला आज येथे पाचारण केले आहे, त्याचे एकही उदाहरण या ध्वनिक्षेपकापुढे उच्चारण्याची मुभा मला नाही. तेव्हा शिव्या आता शिष्टसंमत झाल्या, या समजुतीला निदान एक अपवाद आपण या क्षणी ऐकतच आहात.

परंतु जी शिवी आकाशवाणीला चालत नाही, ती एके काळी राजसत्तेला चालत असे. शिलाहार आणि यादव यांच्या काळातील भूमिदानाच्या ज्या शिळांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात, त्यांच्या माथ्यावर चंद्रसूर्य असतात, मध्ये कित्येकदा दानाचा मजकूर असतो, आणि खाली एक स्त्री व एक गर्दभ. हे दान जो मोडील त्याच्या मातेची काय गत होवो, हे अक्षरशत्रूलाही समजावे एवढाच त्या आकृतीचा हेतू. परळचा अपरादित्याचा ११८७ सालचा लेख पाहावा: दानाचा मजकूर संस्कृतात, आणि शेवटची ही धमकी मात्र चोख मराठीत! पुण्याचा हिशेब देवभाषेकडे आणि इनामावर डोळा ठेवणाऱ्याचा बंदोबस्त मायबोलीकडे, अशी ही कामाची वाटणी होती.

शिमग्यातही शिवीला ठराविक मुदतीचा परवाना असे; ज्याच्या नावाने बोंब ठोकली त्याने राग धरायचा नाही, हा करार कोणत्याही दफ्तरात नसून सर्वांना मान्य होता. पुढे शाळा, क्रमिक पुस्तके आणि छापखाना यांचा अंमल बसला, शिवीच्या जागी फुल्या छापण्याची चाल पडली, आणि ‘फुल्याफुल्यांची शिवी’ हा प्रयोगच भाषेत रूढ झाला.

त्या फुल्या पुसल्या गेल्या त्या मुख्यतः १९७२ साली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आणि विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक एकाच वर्षी लोकांपुढे आले. नाटकाला परिनिरीक्षण मंडळाची कात्री लागली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ढसाळांवर भाषेचा विटाळ केल्याचा ठपका ठेवणाऱ्यांना एवढेच विचारावे, की ज्या वस्तीत तीच बोली चालते तिची हकीगत सदाशिव पेठेच्या भाषेत लिहिली असती, तर ती खोटी साक्ष झाली नसती काय?

आज महाविद्यालयाच्या कट्ट्यावर शिवीच जिवलग मित्राला हाक मारण्यासाठी वापरतात. देणाऱ्याला राग नाही, घेणाऱ्याला अपमान नाही. खरोखर संताप आला म्हणजे ही मुले काय बोलत असतील, याची मला काळजी वाटते. मात्र अपराध मुलाचा आणि उद्धार आईचा, ही रीत परळच्या लेखापासून कट्ट्यापर्यंत तसूभरही हललेली नाही, आणि परवानगीच्या वादात तिच्याविषयी कोणी ब्र काढत नाही.

त्या जुन्या शिळांपैकी काही अद्याप गावाच्या शिवेवर उभ्या आहेत. अक्षरे झिजली आहेत, आकृती पुसट झाली आहे. कित्येक ठिकाणी त्यांना शेंदूर फासलेला असतो आणि येणारेजाणारे हात जोडतात.