प्रवरेच्या उगमाकडे सायकलवरून

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात संगमनेर येथे दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, उद्योगधंदा अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. त्या मालिकेत सायकलीवरून केलेल्या तीन दिवसांच्या प्रवासाची हकिगत सांगणे काहींना पोरकटपणाचे वाटेल. तथापि मी ती सांगणार आहे, कारण आपल्या संसाराशी तिचा संबंध वरवर दिसतो त्याहून फार जवळचा आहे.

सायकल ही आपल्या पिढीला नवी वस्तू नव्हे. नगरपालिकेचा पितळी बिल्ला लावलेली आणि संध्याकाळी दिवा नसला तर पोलीस अडवीत अशी सायकल आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी आयुष्यभर चालविली. तिच्यावर दूध आले, टपाल आले, शाळामास्तर आले. पुढे फटफटी आली, मोटार आली आणि सायकल माडीखालच्या अडगळीत गेली. पण याच साध्या वाहनावर मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी १९२३ साली जगप्रदक्षिणेला प्रयाण केले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. वाळवंटे आणि अरण्ये त्यांनी पायांच्या बळावर ओलांडली. त्यांच्या मानाने आमचा प्रवास म्हणजे अंगणातली फेरीच होय. पण स्वतःचे अंगण तरी आपण कितीसे पाहिलेले असते?

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. २०२४ साली त्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. त्याच्या पूर्वभागात पावसाची वाट पाहण्यात माणसाचे आयुष्य जाते, आणि पश्चिमेच्या टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघरला, तोच पाऊस महिनोन्‌महिने सूर्य दिसू देत नाही. या दोन टोकांना जोडणारी नदी म्हणजे प्रवरा. आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांचा ऊस, पुष्कळांची पेढी आणि पुष्कळांच्या मुलांचे शिक्षण याच नदीच्या कालव्यांवर उभे राहिले. संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले. लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचा पहिला हंगाम १९५०–५१ साली निघाला. हा इतिहास आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. पण हे पाणी येते कोठून, वाटेत कोणाच्या दारावरून येते, हे विचारले तर आपण नकाशाकडे बोट दाखवू. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आम्ही नऊ जण, त्यांत आपल्याच तीन मुली, नदीच्या उलट दिशेने निघालो.

पहिला टप्पा संगमनेर ते अकोले, वीस-पंचवीस किलोमीटरांचा. रस्ता नदीची संगत सहसा सोडीत नाही आणि चढही जाणवत नाही. अकोल्यास प्रवरातीरी सिद्धेश्वराचे प्राचीन कोरीव मंदिर आहे आणि जवळच अगस्ती ऋषींचा आश्रम. प्रभू रामचंद्रांना ऋषींनी येथेच बाण दिला अशी या भागातील श्रद्धा आहे. मोटारीने येणारा माणूस दर्शन घेऊन दहा मिनिटांत निघून जातो. सायकलवाल्याला बसावेच लागते. घाम वाळेपर्यंत तो खांबावरची एकेक आकृती पाहतो आणि ओवरीतल्या म्हाताऱ्याशी चार गोष्टी बोलतो. मला तर वाटते, यात्रेचे खरे पुण्य या सक्तीच्या विश्रांतीतच असावे.

अकोल्याच्या पुढे भूमी उंचावू लागते. विठे घाटात आम्हांपैकी सहा जणांनी निमूटपणे उतरून सायकली ढकलल्या. त्यात लाज मानण्याचे कारण नाही. राजूर हे या डोंगरी मुलखाच्या बाजारपेठेचे गाव. येथे भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. अतिवृष्टीतही टिकून राहणारी ही जात आहे. तेलकट कातडीमुळे पावसाचे पाणी तिच्या अंगावर ठरत नाही. पहिला मुक्काम आम्ही राजूरलाच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंधा धबधब्यापाशी थांबलो. प्रवरा येथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सुटले म्हणजे तिचे रौद्ररूप दिसते. आम्हांस मात्र ती शांत भेटली. तेथून शेंडी आणि भंडारदऱ्याचे धरण. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले हे दगडी धरण मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या पोटात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. खालच्या अंगास निळवंड्याचे धरण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्यातून २०२३ साली दुष्काळी गावांकडे पाणी निघाले. धरणाच्या भिंतीपाशी उभे राहिले म्हणजे आपल्या शेतातील पाट डोळ्यांसमोर येतो. पण हे निळे पाणी जेथे पसरले आहे तेथे एके काळी कोणाची तरी भातखाचरे होती, हा विचार तिथवर चढून गेल्यावाचून मनात येत नाही.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता हा या प्रवासाचा गाभा होय. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावे घेत तो पुन्हा शेंडीस येतो. अंतर सुमारे ४०–४५ किलोमीटरांचे असले तरी चढउतारांमुळे सबंध दिवस लागतो. उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. घाटघरला कड्याच्या टोकावर जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसते. येथील २५० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पात खालच्या तलावातले पाणी वर चढवितात आणि विजेची मागणी वाढली म्हणजे तेच पुन्हा खाली सोडतात. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, त्याची पुष्करणी आणि दगडात कोरलेले खांब पाहताना एवढ्या आडरानात हे वैभव कोणी उभारले असेल याचे नवल वाटते. मागे रतनगड, त्याच्या माथ्यावरील नेढे, आणि त्याच डोंगरात प्रवरेचा उगम. हा सारा परिसर १९८६ सालापासून अभयारण्य आहे. शेजारच्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फाशी गेले. ज्या महादेव कोळी समाजात ते जन्मले, तोच समाज आजही या गावांतून राहतो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी उभा आहे ती सांगतो. घाटघरहून साम्रदकडे उतरताना माझ्या पुतण्याच्या सायकलीचे ब्रेक निकामी झाले. दोष सर्वस्वी आमचा होता. रबरे झिजलेली आहेत हे राजूरला दिसले असूनही आम्ही बदलली नव्हती. पोर रस्त्याकडेच्या गवतात पडले, गुडघा फुटला. समोरच्या घरातून एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी जखम धुतली, आम्हां सर्वांस ओटीवर बसविले आणि न विचारता नाचणीची भाकरी व चटणी पुढे ठेवली. आम्ही कोण, कोठले, ही चौकशी भाकरी खाऊन झाल्यावर झाली. आम्ही प्रवरेच्या खालच्या अंगाचे, कालव्यावरचे, असे कळताच त्यांनी विचारले, “मंग आमच्या हिकडचं पानी तुमच्याकडं नीट पोचतं ना?”

मी म्हटले, “पोचते, आजी.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “चैतात या एकदा. मंग माझ्यासंगं हंडा घेऊन झऱ्यावर चला.”

बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाहुण्याला सहज करावे असे ते आमंत्रण होते. पण, बंधुभगिनींनो, त्यानंतरच्या चढावर आम्हांपैकी कोणीही बोलले नाही. जेथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते तेथल्याच वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, कारण उतारावरचा खडक पाणी धरून ठेवीत नाही आणि अडविलेले पाणी खाली आपल्याकडे येते. आपल्या नळाला पाणी आले नाही तर आपण तक्रारअर्ज करतो. त्या बाई मात्र आपल्याला पाणी पोचते की नाही याची चौकशी करीत होत्या.

मोटारीत बसून गेलो असतो तर ते घर काचेबाहेरून सरकून गेले असते. सायकल माणसाला गरजू करते. तहान लागते, वाट चुकते, नळी पंक्चर होते, आणि दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. ज्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही त्याला दुसऱ्याचे ऋणही कळत नाही. ज्येष्ठाच्या आरंभी तेथे काजव्यांनी झाडे उजळतात. तेव्हा शेकडो मोटारी प्रखर दिवे लावून जातात आणि पाहावयाचे ते स्वतःच विझवून येतात. आपली मुले त्या गर्दीत असू नयेत असे मला वाटते.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात धुके आणि निसरडे यांमुळे नवख्याने जाऊ नये. सायकल गिअरची असल्यास बरे, परंतु ब्रेक नवे हवेतच, आणि जोडीला पंप, जादा नळी व पंक्चरचे सामान. दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा, कारण रान बिबट्याचे आहे. परतताना हवे तर बारीमार्गे घोटीस जाऊन आगगाडी धरता येते. जेवण गावातील घरी सांगावे आणि दामासाठी घासाघीस करू नये. हातसडीचा तांदूळ मिळाल्यास विकत घ्यावा. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री मिळाली, यावरून त्या धान्याचे मोल ओळखावे. आपला कचरा आपण परत आणावा.

भगिनींना एक विनंती. आमच्याबरोबरच्या तीन मुलींच्या मातांनी अनुमती देण्यापूर्वी पंधरा दिवस विचार केला. चिंता स्वाभाविक होती. पण विठे घाटात जे तिघे खाली उतरले नाहीत त्यांत दोन मुली होत्या, आणि पुतण्याचा गुडघा बांधून साम्रदपासून आपला वेग त्याच्यासाठी कमी करणारी तिसरी होती. आपल्या लेकींना याहून चांगले शिक्षण कोणत्या वर्गात मिळेल?

माझी सूचना अल्प आहे. संस्थेने दरवर्षी मार्गशीर्षात दहा-बारा तरुण-तरुणींची एक तुकडी प्रवरेच्या उगमाकडे पाठवावी. बक्षीस नको, ढाल नको. आणि चैत्रात त्याच तुकडीने पुन्हा एकदा जावे. त्या आजींचे आमंत्रण अजून माझ्या शिरावर आहे. झऱ्यापासून हंडा वाहून आणल्यावर त्या वाडीसाठी आपण काय करू शकतो, हे कोणी कोणास सांगावे लागणार नाही.