पट्टी भरली म्हणजे फाइल पोचली?

पेनड्राइव्ह आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. लग्नपत्रिका छापायला जाताना, प्रिंट काढायला जाताना आपण तो किल्ल्यांबरोबर खिशात टाकतो. २००० साली तो बाजारात आला तेव्हा त्यात ८ एमबी मावायचे. आज हसू येईल, पण फ्लॉपीत तेव्हा १.४४ एमबी बसायचे! म्हणजे पाच फ्लॉप्यांहून जास्त मजकूर ही बोटाएवढी वस्तू नेत होती. आता तर ६४ जीबीचा सहज मिळतो. जागा वाढली तसा आपला त्याच्यावरचा भरवसाही वाढला, आणि मला वाटतं तो जरा जास्तच वाढला.

माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी लॅपटॉपवर जपल्या होत्या. चौदा रेकॉर्डिंग. आई आता नाहीत. लॅपटॉप नातवाला द्यायचा म्हणून गुरुजींनी सगळ्या फाइली ‘कट’ करून पेनड्राइव्हवर ‘पेस्ट’ केल्या. पडद्यावरची पट्टी भरली, तसा त्यांनी पेनड्राइव्ह ओढून काढला. चार दिवसांनी मुलीच्या घरी लावला, तर फाइलींची नावं दिसतात, आवाज मात्र नाही.

झालं होतं असं. पेनड्राइव्हवर लिहिणं हे संगणकाच्या मानानं संथ काम. म्हणून पुष्कळदा संगणक मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत घेतो आणि मग सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवतो. पट्टी भरलेली दिसली तरी उतरवणं चालूच असू शकतं. ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ म्हटलं की तो उरलेलं काम संपवतो आणि मग आपल्याला मोकळं करतो. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह चटकन काढता यावा अशी व्यवस्था मुळातच केलेली असते. लिनक्सवर मात्र अजूनही थांबावं लागतं. मी तर सगळीकडेच थांबतो. दहा सेकंदांनी कुणाची गाडी चुकत नाही.

दुसरी गोष्ट ‘कट’ची. एका डिस्कवरून दुसरीवर फाइल ‘कट’ केली की संगणक आधी नक्कल करतो आणि मग मूळ पुसतो. नक्कल अर्धवट राहिली तरी मूळ पुसलं गेलेलं असू शकतं. गुरुजींचं तसंच झालं. पण लॅपटॉप जुना, हार्ड डिस्कचा होता. हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी आधी जाते ती फक्त तिची नोंद. मजकूर तिथेच असतो, त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. दोन रात्री बसून मी अकरा ओव्या परत मिळवल्या. उरलेल्या तीन गेल्या, कारण नातवानं मधल्या चार दिवसांत दोन सिनेमे उतरवून घेतले होते. त्या पोराला तरी काय बोलणार? नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते, तेव्हा तिथे अकराचीही आशा धरू नये.

म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, ‘कट’ नको, ‘कॉपी’ करा. पेनड्राइव्ह रीतसर काढा, दुसऱ्या संगणकावर लावा, फाइल उघडून ऐका, बघा. मग हवं तर मूळ पुसा. आणि एकुलती एक प्रत पेनड्राइव्हवर कधीच ठेवू नका. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेली ‘फ्लॅश’ मेमरी त्यात असते. तिच्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो आणि तोच आपला मजकूर. तो भार वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्तच. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत पेनड्राइव्ह ठेवणारे लोक मी पाहिले आहेत! एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी, एवढं केलं तरी पुष्कळ.

लग्नाचा मोठा व्हिडिओ ‘जागा असूनही बसत नाही’ अशी तक्रार येते. पेनड्राइव्ह बहुधा ‘फॅट ३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात ४ जीबीची एक सलग फाइल मावत नाही. ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला की काम होतं. पण फॉरमॅटनं आतलं सगळं जातं, तेव्हा ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि खास आपल्या मराठीची एक अडचण. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्यांकडून टाइप करून घेतलेली पुस्तकं, कुळवृत्तांत, संस्थांचे अहवाल कित्येकांनी जपून ठेवले आहेत. फाइल शाबूत असते, उघडतेही. पण तो ठरावीक फाँट संगणकात नसला, की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तसा मजकूर अजून वाचता येतोय तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि शेजारी त्याची पीडीएफही ठेवा. जुना फाँट आज कुणाच्या तरी संगणकात सापडेल. आणखी दहा वर्षांनी तो शोधायचा कुठे?