फोनमधला पसारा आवरू या

 

आज फोनबद्दल बोलू या. हे नवीन ॲप घ्या, ते डाऊनलोड करा, असे सांगणारे रोज कोणी ना कोणी भेटते. आज आम्ही उलटे सांगणार आहोत. फोनमधून काय काढून टाकायचे, काय ठेवायचे, आणि ठेवलेले नीट कसे वापरायचे, एवढेच आज बोलायचे आहे.

गटांना भेटी द्यायला आम्ही पेठ, सुरगाण्यापासून निफाड, येवल्यापर्यंत फिरतो. सगळीकडे एकच तक्रार कानावर येते. “ताई, फोन अडकतो. फोटो निघत नाही. जागा नाही म्हणतो.” बैठक संपलेली असते, ठरावावर सह्या झालेल्या असतात, बँकेला त्याच दिवशी फोटो पाठवायचा असतो, आणि नेमका तेव्हाच फोन रुसून बसतो. मग सचिव ताई घाईघाईने हाताला लागेल ते पुसायला घेते. त्यात लेकीच्या बारशाचे फोटो जातात, पासबुकाचे फोटो जातात. आणि बाकीच्या बायका म्हणतात, “हिला फोन जमत नाही.”

सख्यांनो, फोन अडकला म्हणजे बाईला अक्कल नाही असे होत नाही. लहान पिशवीत मोठ्या बाजाराचे सामान कोंबले तर पिशवीचे बंद तुटणारच.

हे आपल्या राज्याने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २०२१ साली अंगणवाडीच्या कामासाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. सेविकांकडे आधीच दिलेले फोन होते, त्यांची रॅम होती २ जीबी. रॅम म्हणजे फोनचा कामाचा ओटा. ओटा लहान असला की एका वेळी चार भांडी मांडता येत नाहीत. फोन तापायचे, बंद पडायचे, आणि ॲपमधली भाषा इंग्रजी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. आम्हाला काम करायचे आहे, पण काम होईल असा फोन द्या आणि मराठी भाषेत द्या, ही त्यांची मागणी होती. त्यांनी “आम्हाला येत नाही” असे म्हटले नाही. साधन कामाला पुरत नाही, असे म्हटले. हा फरक आपणही लक्षात ठेवू या.

नवा फोन घेणे प्रत्येकीला परवडत नाही. म्हणून आहे त्या फोनमध्ये जागा कशी करायची ते पाहू.

आपल्याकडे उन्हाळ कांदा चाळीत भरण्याआधी निवडतात. जोड कांदा बाजूला, डेंगळे बाजूला, मार लागलेला बाजूला. निवडल्याशिवाय कोणी चाळ भरत नाही, कारण एक सडला की शेजारचे चार सडतात. फोनही तसाच निवडायचा. एक कागद घ्या. फोनमध्ये जेवढी ॲप आहेत त्यांची नावे एकाखाली एक लिहा. नाव वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला जवळ बसवा, पण निवड तुम्ही करा. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा. रोज लागते ते. महिन्यातून एकदा लागते ते. आणि तीन महिन्यांत एकदाही उघडले नाही ते.

तिसऱ्या ढिगात काय सापडते ते आम्ही सांगतो. कोरोनात २०२० साली घेतलेले आरोग्य सेतू. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरुवातीला नारीशक्ती दूत ॲपवरून भरले, पुढे ते काम संकेतस्थळावर गेले, तरी ॲप फोनमध्ये तसेच बसलेले. फोटो गोरा करणारी दोन ॲप. टॉर्चचे एक ॲप, आणि टॉर्च तर फोनमध्ये आधीच असते. मुलांचे सात-आठ गेम. हा ढीग काढला तरी पुष्कळ फोन मोकळा श्वास घेतात. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा, अनइन्स्टॉल किंवा काढून टाका असे येईल. झाले.

पण थांबा. काढण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, गटाच्या नोंदीचे ॲप. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ यांचे व्यवहार लोकओएसवर नोंदवतात. ज्या ॲपमध्ये रेंज नसताना नोंदी भरून ठेवल्या जातात, त्या नोंदी वर पाठवल्याशिवाय ते ॲप कधीही काढू नका. वर पाठवणे म्हणजे सिंक करणे. सिंक न करता ॲप काढले, तर भरलेल्या बैठकीच्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील. दुसरी गोष्ट, सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर दोन बटणे दिसतात. एक कॅशे साफ करा, दुसरे डेटा साफ करा. कॅशे म्हणजे कामाच्या ओघात साठलेला केरकचरा, तो खुशाल काढा. डेटा म्हणजे कोठीतले धान्य. त्या बटणाला हात लावू नका.

आता व्हॉट्सॲप. खरी अडगळ इथे असते. सकाळचे फुलांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, पाच गटांत फिरून आलेला एकच संदेश, हे सगळे तुमच्या फोनमध्ये पाच वेळा उतरते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जा. तिथे स्टोरेज आणि डेटा असे लिहिलेले आहे. त्यात माध्यम आपोआप डाऊनलोड होण्याच्या खुणा आहेत, त्या काढून टाका. मग फोटो आला तरी तुम्ही बोट लावल्याशिवाय तो फोनमध्ये उतरणार नाही. तिथेच स्टोरेज व्यवस्थापित करा असेही आहे. ते उघडले की सर्वांत मोठे व्हिडिओ वरच दिसतात. दहा मोठे व्हिडिओ काढले की शंभर फोटोंची जागा होते. ॲपची भाषा इंग्रजी असेल तर सेटिंगमध्ये भाषा बदलून मराठी करता येते, आणि सगळ्या फोनची भाषाही मराठी करता येते. ते आधी करा, पुढचे सगळे सोपे जाईल.

आणि गटांचे गट! गावाचा गट, भावकीचा गट, शाळेचा गट, कांद्याच्या भावाचा गट, महिला मंडळाचा गट. दर मिनिटाला टुंग वाजते, आणि लासलगावचा भाव पाहायला घेतलेल्या फोनवर आपण अर्धा तास कोणाचे तरी भांडण वाचत बसतो. गटातून बाहेर पडले तर माणसे रागावतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून बाहेर पडू नका, आवाज बंद करा. म्यूट करताना नेहमी असे निवडा. फक्त बचत गटाचा आणि घरच्यांचा आवाज चालू ठेवा. बाकीचे दिवसातून एकदा, सवडीने.

जाहिरातीच्या फोनचाही असाच त्रास असतो. कर्ज हवे का, प्लॉट हवा का. १९०९ या क्रमांकावर फोन केला की असे फोन बंद करण्याची नोंद होते. बँकेचे ओटीपी आणि व्यवहाराचे संदेश त्यामुळे थांबत नाहीत, ती काळजी नको.

आता थोडे गंभीर बोलतो. पसारा नुसता जागा अडवतो असे नाही. अडगळीच्या खोलीत विंचू असतो. झटपट कर्ज देणारी काही ॲप फोनमध्ये शिरतात, आणि शिरताना विचारतात, तुमचे संपर्क पाहू का, फोटो पाहू का. आपण वाचत नाही, हो म्हणतो. पुढे हप्ता एक दिवस चुकला की भावाला फोन, सासऱ्याला फोन, फोटो बिघडवून नातलगांना पाठवण्याची धमकी. राज्यात अशा तक्रारी पोलिसांकडे गेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच नियम केला आहे की कर्जाच्या ॲपने तुमची संपर्क यादी, फोटो-फायली आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठिकाण लागलेच तर ओळख पटवण्यापुरते, एकदा, तुमच्या परवानगीने. म्हणून साधी परीक्षा लक्षात ठेवा. जे कर्ज-ॲप संपर्क मागते, ते नियम मोडते. नाव पडताळायचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून कर्ज-ॲपची यादी आहे, बँक सखीला दाखवायला सांगा.

आणि सख्यांनो, आपल्याला त्याची गरज का पडावी? आपला गट कशासाठी आहे? गटाचे अंतर्गत कर्ज शेकडा एक-दोन रुपयांनी मिळते, आणि ते व्याजही गटातच राहते. एखादी बाई गुपचूप ॲपकडे जाते तेव्हा तिला गटात मागायची लाज वाटलेली असते. ती लाज घालवणे हे आपले काम. कोणी आधीच अडकली असेल तर तिला बोल लावू नका. ॲप काढण्याआधी धमकीच्या संदेशांचे फोटो म्हणजे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि तिला एकटी न सोडता पोलीस ठाण्यात घेऊन जा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून ठेवण्याची शक्यता जास्त.

व्हॉट्सॲपवर योजनेच्या किंवा बँकेच्या नावाने ॲपची फाईल आली, नावाच्या शेवटी एपीके असले, तर उघडू नका. मावशीने पाठवली असली तरी नाही. मावशीचा फोनही कोणाच्या तरी हातात गेलेला असू शकतो. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरवरूनच, आणि तेही प्रशिक्षणात सांगितलेले नाव तपासून.

पैसे पाठवायला एकच यूपीआय ॲप ठेवा. तीन-तीन ठेवून काही जास्त मिळत नाही, पिन मात्र चुकतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे जाणार. आणि ॲप काढले म्हणजे बँक खाते बंद झाले असे नाही, खाते बँकेतच असते.

प्रभागसंघाच्या कार्यालयात संगणक असतो, त्याचेही असेच आवरा. पडद्यावर न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, ठराव नवीन, ठराव एकदम नवीन. लेखापरीक्षणाच्या दिवशी कोणता खरा? प्रत्येक फाईलला ठरलेल्या क्रमाने नाव द्या. आधी वर्ष, मग महिना, मग गटाचे नाव, मग विषय. २०२५-०६ असे लिहिले की फायली आपोआप तारखेने रांगेत लागतात. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला ठराव दुसऱ्या संगणकावर उघडला की किडे-मकोडे दिसतात. आणि महिन्यातून एकदा सगळे पेन ड्राईव्हवर उतरवून कपाटात ठेवा.

वही मात्र सोडायची नाही. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब आहे. त्यातले हिशेब म्हणजे आधी वही, मग फोन. वही चार्ज करावी लागत नाही. वही सगळ्या दहाजणींना पाहता येते. फोन एकीच्याच हातात असतो, आणि जे एकीच्याच हातात असते त्यावर संशय लवकर येतो.

शेवटी एक विनंती. पुढच्या बैठकीत कर्जवाटप झाल्यावर पंधरा मिनिटे यासाठी ठेवा. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकीला येते आणि एकीला शिकायचे आहे अशा. ॲपची यादी करा, निवडा, आवाज बंद करा, परवानग्या पाहा. सेटिंगमध्ये परवानग्या असतात, तिथे कोणते ॲप संपर्क पाहते, कोणते मायक्रोफोन ऐकते ते दिसते. नको त्याची परवानगी काढून घ्या. गटाचे निरोप कोणत्या एका ठिकाणी द्यायचे याचा ठराव लिहा. म्हणजे बैठकीची तारीख तीन गटांत शोधत बसायला नको.

आणि एवढे आवरूनही सचिव ताईचा फोन कामाला पुरत नसेल, तर तिने स्वतःच्या खिशातून किती वर्षे रिचार्ज मारायचा, हेही बैठकीत बोला. गटाच्या कामाचा खर्च गटाने उचलावा, ग्रामसंघाकडे तसा विषय मांडावा. नवे ॲप भरायला सांगायला कोणी आले की नम्रपणे विचारा, हे मराठीत आहे का, आमच्या फोनवर चालते का, आणि याआधीचे कोणते बंद होणार? अंगणवाडीच्या तायांनी विचारले, तसेच आपणही विचारू शकतो.

घर आवरले की हवी ती वस्तू अंधारातही हाताला लागते. फोनही तसा होऊ द्या. कोणी काय काढले, किती जागा झाली, ते आम्हाला पुढच्या भेटीत नक्की सांगा.